ईसीजी काढला का?

(महासंघाच्या वार्षिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. बऱ्याच गटांनी मासिक बैठकीत वाचायला मागितलं, म्हणून जसंच्या तसं छापत आहोत.)

अध्यक्षताई, सचिवताई, सगळ्या ग्रामसंघांच्या पदाधिकारी, सीआरपी ताई, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने भाकरी बांधून आलेल्या माझ्या सगळ्या मावश्या, काकू, वहिनी.

मला दरवर्षी "महिलांचे आरोग्य" हा विषय देतात. गेल्या वर्षी मी हिमोग्लोबिन, पालेभाज्या आणि लोखंडी कढई यावर बोलले. चहाच्या वेळी एका काकूंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, लोखंडी कढई आमच्या घरात तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे." खरंच होतं ते. म्हणून यंदा मी कढई घरी ठेवून आले आहे. यंदा मी तुम्हाला हार्ट अटॅकबद्दल सांगणार आहे, आणि त्यासाठी थोडा वेळ अमेरिकेत घेऊन जाणार आहे. कंटाळा आला तर सांगा, पण आधी माझ्या आत्याची गोष्ट ऐका.

मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आत्याकडे गेले होते. आत्याचं वय तेव्हा ५२. सकाळपासून तिच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखत होतं. जबडा कुणीतरी आवळून धरल्यासारखा वाटत होता. दोनदा उलटी झाली आणि घाम तर असा, की पदर पिळावा. तरी बाई म्हणते, "रात्रीचं वांगं बाधलं." दुपारी मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? घरात काही टेन्शन आहे का? सुनेशी पटतं का? मग पित्ताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, थोडा वेळ बाहेर बाकावर बसा, बरं वाटलं की जा.

आम्ही बाकावर बसलो. तेवढ्यात एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बरोबर दोन माणसं. म्हणाले, छातीत जरा जड वाटतंय. त्यांना लगेच आत घेतलं, झोपवलं, छातीला वायरी लावल्या आणि ईसीजी काढला. पडदा अर्धा उघडा होता, आम्हाला सगळं दिसत होतं. त्यांचा ईसीजी नॉर्मल आला, हसत हसत गेले ते. चांगलंच झालं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मशीन तिथंच होतं, चालू होतं, आणि आत्या त्याच्यापासून दहा पावलांवर घाम पुसत बसली होती.

मी काही विचारलं नाही. एवढी शिकलेली मी, समाजकार्य शिकणारी, आणि तोंडातून शब्द फुटला नाही. वाटलं, डॉक्टरांना कळतं, आपण काय बोलायचं.

रात्री आत्याला धाप लागली. गाडी करून जिल्ह्याला नेलं. तिथे ईसीजी काढल्यावर कळलं, अटॅक सकाळीच आला होता. आत्या वाचली. पण हृदयाचा एक भाग गेला तो गेलाच. आता दोन पायऱ्या चढली की थांबते. तिच्या गटाच्या बैठकीला मुलगा गाडीवर सोडायला येतो. बचत मात्र एकही महिना चुकवलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एक मिनिट. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी अचानक तुंबते. तुमच्यापैकी ज्यांच्या रानात ठिबक आहे त्यांना लगेच कळेल. नळी तुंबली की पुढची झाडं सुकायला लागतात. लवकर साफ केली तर झाडं वाचतात. संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली, तर मग कितीही पाणी सोडा, वाळलेलं झाड हिरवं होत नाही. हृदयाचं तर काही तासांतच होऊन जातं. नळी उघडायचे दोन रस्ते आहेत. एक, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. दुसरा, अँजिओप्लास्टी, म्हणजे आपण ज्याला "फुगा टाकणं" म्हणतो ते. आणि अटॅक आहे की नाही हे ओळखायची पहिली पायरी म्हणजे ईसीजी. माणूस दवाखान्यात आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी व्हावा, असा नियमच आहे डॉक्टर लोकांचा.

बायकांनाही अटॅकमध्ये बहुतेक वेळा छातीतच दुखतं. पण त्याच्या जोडीने, किंवा कधी त्याच्याऐवजी, पाठ, जबडा, मान, हात दुखणं, मळमळ, घाम, धाप, एकदम गळून जाणं, असं बायकांत जास्त दिसतं. शुगर असलेल्या माणसाला तर कधी कधी फार दुखतही नाही.

त्या बाकाचं मला कोडं पडलं होतं. परत कॉलेजात गेल्यावर सामुदायिक आरोग्याचा पेपर होता. त्यात अमेरिकेवरचं काही वाचायला दिलं होतं. ते वाचताना मला सारखी आत्या दिसत होती.

अमेरिकेत काय झालं ते सांगते. तिथे आफ्रिकेतून माणसं जबरदस्तीने आणून गुलाम केली होती. त्यांची मुलंबाळं, नातवंडं, पणतवंडं म्हणजे तिथले कृष्णवर्णीय लोक. १८६५ मध्ये तिथली गुलामी कायद्याने बंद झाली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी ही गुलामी मोडून काढली त्यांना अर्पण केलं. म्हणजे तिकडच्या भेदभावाची आणि इकडच्या भेदभावाची तुलना काही मी आज नव्याने करत नाही, जोतीरावांनी दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे.

गुलामी गेली, पण भेद राहिला. शाळा वेगळ्या, बसमध्ये जागा वेगळ्या, आणि दवाखानेही वेगळे. १९४६ साली तिथल्या सरकारने दवाखाने बांधायला पैसे द्यायचा कायदा केला. त्यात चक्क लिहिलं होतं, की गोऱ्यांचा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा असे दवाखाने असले तरी चालतील, फक्त सोय सारखी पाहिजे. आता वेगळं ठेवायचं आणि सारखं ठेवायचं, हे कधी झालंय का? आपल्या गावात वेगळा पाणवठा होता तेव्हा पाणी सारखं होतं का?

नॉर्थ कॅरोलिना राज्यात ग्रीन्सबरो नावाचं गाव आहे. तिथे जॉर्ज सिम्किन्स नावाचे कृष्णवर्णीय दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे दातात पू झालेला, ताप चढलेला एक रुग्ण आला. त्याला दाखल करायला काळ्यांच्या दवाखान्यात जागा नव्हती. गोऱ्यांचे मोठे दवाखाने गावातच होते, सरकारी पैशातून बांधलेले, पण त्यांनी घेतलं नाही. सिम्किन्स आणि आणखी काही डॉक्टर, रुग्ण मिळून कोर्टात गेले. १९६३ मध्ये ते जिंकले. कोर्टाने सांगितलं, सरकारचा पैसा घेता ना, मग असा भेद करता येणार नाही.

पण कोर्टाचा निकाल एका जागी आणि गावातला दवाखाना दुसऱ्या जागी, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. खरा फरक पडला १९६६ साली. तेव्हा सरकारने म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर नावाची आरोग्य विमा योजना सुरू केली, आणि दवाखान्यांना अट घातली की मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर दार एक करा, वॉर्ड एक करा. तपासायला माणसं पाठवली. काही महिन्यांत हजाराच्या वर दवाखान्यांनी पाट्या काढल्या. जे उपदेशाने शंभर वर्षांत झालं नाही ते झालं. ग्रेडिंग नीट नसेल तर बँक गटाला कर्ज देत नाही, मग आपण रजिस्टर कसं एका आठवड्यात पूर्ण करतो, तसंच.

मग दार एक झाल्यावर प्रश्न मिटला का? नाही ना. आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण मला त्या बाकाचं उत्तर इथे मिळालं.

१९९९ मध्ये तिथल्या एका नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात एक अभ्यास छापून आला. अभ्यास करणाऱ्यांनी आठ नट-नट्या घेतल्या. काही गोरे, काही काळे, काही बाया, काही पुरुष. सगळ्यांना दवाखान्याचा सारखाच झगा घातला. छातीत कसं दुखतंय ते सगळ्यांनी त्याच शब्दांत, हाताच्या त्याच हालचाली करून सांगायचं. त्याचे व्हिडिओ केले आणि डॉक्टरांच्या मोठ्या संमेलनांत जाऊन ७२० डॉक्टरांना दाखवले. एकेका डॉक्टरला एकच रुग्ण. विचारलं, या माणसाला अँजिओग्राफीला पाठवाल का? डॉक्टरांना माहीत नव्हतं की आपण रंग बघतो की आजार बघतो, याचीच तपासणी चालली आहे.

निकाल लागल्यावर वर्तमानपत्रांनी मोठमोठे मथळे दिले, की बायकांना आणि काळ्यांना पाठवण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी! हा हिशोब चुकला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच मासिकात लिहून चूक दाखवली. आपण हिशोबाची माणसं आहोत, म्हणून खरा आकडा सांगते. गोरे पुरुष, शंभरातले सुमारे ९१ पाठवले. गोऱ्या बाया, ९१. काळे पुरुष, तेही ९१. आणि काळ्या बाया? ७९.

म्हणजे नुसती बाई असल्याने अडलं नाही, नुसता रंग काळा असल्याने अडलं नाही. दोन्ही एकाच अंगावर आलं तिथे अडलं. मला तर ४० टक्क्यांच्या खोट्या मथळ्यापेक्षा हा खरा आकडा जास्त टोचतो. आपल्या गटांतल्या एकट्या राहणाऱ्या बायका, वस्तीवरच्या बायका, पाड्यावरच्या बायका, यांना मी हे समजावून सांगायची गरज नाही. एकेक गोष्ट अंगावर घेता येते. दोन-तीन एकत्र आल्या की माणूस बाकावरच बसून राहतो.

आणि हे डॉक्टर काही वाईट लोक नव्हते. विचारलं असतं तर प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, मी भेद करत नाही. आत्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. पांढरा शर्ट, छातीत जड, म्हणजे हार्ट. नऊवारी, उलटी, घाम, म्हणजे पित्त. हा हिशोब डोकं इतक्या पटकन करतं की आपल्यालाही कळत नाही. आपणही करतो. बँकेत नवीन बाई आली की तिच्या साडीकडे बघून आपण ठरवतोच ना, कुठल्या गटाची असेल ते?

(इथे एका ताईंनी उठून विचारलं, "पण त्या लोकांना बीपी, शुगर जास्त असेल, म्हणून मरत असतील. त्यात दवाखान्याचा काय दोष?")

चांगला प्रश्न आहे ताई. बीपी आणि शुगर तिथल्या कृष्णवर्णीय लोकांत जास्त आहेच, हे खरं आहे. त्याला गरिबी आहे, वस्ती आहे, कष्ट आहेत, बरीच कारणं आहेत. म्हणूनच २००२ साली तिथल्या एका मोठ्या वैद्यकीय संस्थेने शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले. वय सारखं, आजार तेवढाच गंभीर, उत्पन्न सारखं, विमाही सारखा, अशी माणसं शेजारी शेजारी ठेवली. तरी कृष्णवर्णीय लोकांना मिळालेले उपचार हलकेच निघाले. हृदयविकार हे त्यातलं एक मोठं उदाहरण होतं. तेव्हा बीपी-शुगर हे उत्तर आहे, पण अर्धंच.

आणि दुसरं अर्धं सगळं डॉक्टरांच्या नजरेतही नाही. २००५ मध्ये आणखी एक अभ्यास आला, फार मोठा. मेडिकेअरचे ११ लाखांच्या वर अटॅकचे रुग्ण, ४,२८९ दवाखाने. ज्या दवाखान्यांत कृष्णवर्णीय रुग्ण सगळ्यात जास्त जातात, तिथे अटॅकनंतर ९० दिवसांत शंभरातले जवळपास २४ रुग्ण दगावत होते. जिथे कृष्णवर्णीय रुग्ण जातच नाहीत, तिथे २०. आणि गंमत बघा, गंमत कसली, त्या पहिल्या दवाखान्यांत गोरा रुग्ण गेला तरी त्यालाही मरणाचा धोका जास्तच होता. म्हणजे दवाखानाच कमी पडत होता. पाट्या काढून ४० वर्षं झाली होती, पण वस्ती वेगळी राहिली, म्हणून दवाखानाही वेगळाच राहिला. फक्त पाटी दिसत नव्हती.

यंत्रांबद्दलही एक सांगते, कारण ते यंत्र तुमच्यातल्या कितीतरी जणींनी हाताळलंय. कोरोनात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"च्या वेळी आशाताई बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायच्या ना, तो ऑक्सिमीटर. २०२० मध्येच अमेरिकेत दिसून आलं, की चिमटा ऑक्सिजन चांगला दाखवतोय पण रक्त तपासलं तर कमी निघतोय, असं गोऱ्या रुग्णांत शंभरात सुमारे ४ वेळा होत होतं, आणि कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ वेळा. चिमट्यातला उजेड चामडीतून जातो. चामडी सावळी असली की त्याचा हिशोब चुकतो. यंत्राला काही जात नाही, रंग नाही. पण ते बनवताना कुणाची बोटं समोर होती, त्यावर ते अवलंबून आहे.

आता चांगली बातमी. मी समाजकार्यातली आहे, नुसतं रडगाणं सांगायचं नाही अशी आमच्या सरांची ताकीद होती.

अमेरिकेत अटॅकच्या रुग्णासाठी नियम केला, की दवाखान्याच्या दारात पाऊल ठेवल्यापासून फुगा टाकून नळी उघडेपर्यंत ९० मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये. आधी हे नुसतं पुस्तकात होतं. २००६ पासून तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी देशभर मोहीम काढली. मोहिमेत नवीन औषध नव्हतं, की मशीन नव्हतं. साध्या गोष्टी होत्या. अपघात विभागातल्या डॉक्टरला ईसीजीत अटॅक दिसला, की मोठ्या डॉक्टरची वाट न बघता त्यानेच सगळ्यांना बोलवायचं. दहा फोन करायचे नाहीत, एकच करायचा. टीम २० ते ३० मिनिटांत हजर पाहिजे. आणि प्रत्येक रुग्णाला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवायचं आणि लगेच सगळ्यांना दाखवायचं.

२००५ मध्ये साधारण ९६ मिनिटं लागायची. २०१० मध्ये ६४ वर आली. म्हणजे ३२ मिनिटं वाचली. पण माझा जीव अडकला तो पुढच्या आकड्यात. बायकांची ३५ मिनिटं वाचली, आणि कृष्णवर्णीय रुग्णांची ४२. ज्यांना सगळ्यात जास्त थांबवून ठेवलं जात होतं, त्यांचा वेळ सगळ्यात जास्त कमी झाला.

तिथल्या डॉक्टरांना कुणी प्रवचन दिलं नव्हतं की काळ्या माणसावर प्रेम करा. फक्त घड्याळ लावलं आणि वहीत लिहायला लावलं. तोंड बघून ठरवायची जागाच कमी केली.

हे वाचलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच हसले. कारण हे तर आपण गटात करतो! तुम्हीच मला सांगितलंय, सुरुवातीच्या काळात गटात कर्ज कुणाला मिळायचं. अध्यक्षाच्या जावेला आधी. जी मोठ्याने बोलते तिला आधी. कोपऱ्यात बसणारी कोपऱ्यातच. मग आपण काय केलं? अर्ज लिहून घ्यायचा, बैठकीत वाचायचा, आजारपण आणि शिक्षण आधी, ठराव प्रोसिडिंगला घ्यायचा, सही-अंगठा. अध्यक्षाची जाऊ काही बदलली नाही, स्वभाव तोच आहे तिचा, हसू नका. पण वही आली आणि कोपऱ्यातल्या बाईला कर्ज मिळालं.

अर्थात अमेरिकेत सगळं सुटलं असं नाही. फरक कमी झाला, संपला नाही. घड्याळ दारापासून चालू होतं. जो दारापर्यंत पोचलाच नाही त्याचं काय? घरी गेल्यावर ज्याला गोळ्या परवडत नाहीत त्याचं काय? आणि ईसीजीच काढला नाही, तर घड्याळ चालू तरी कसं होणार?

आता थोडंसं आपल्याकडचं. २००८ मध्ये भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ दवाखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०,००० च्या वर रुग्ण. आपल्याकडे दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायला साधारण किती वेळ लागत होता? ३६० मिनिटं. सहा तास! तुळशीला पाणी घालताना दुखायला लागलं, तर जेवणाच्या वेळेला दवाखान्यात. आणि ३० दिवसांत दगावणारे श्रीमंतांत शंभरात साडेपाच, गरिबांत आठच्या वर. अभ्यास करणाऱ्यांनी मग विचारलं, गरिबांची तब्येत आधीच वाईट होती म्हणून असं झालं का? तपासलं, तर फरक त्याने भरून निघेना. पण मिळालेले उपचार जेव्हा सारखे धरून मोजले, तेव्हा फरक नाहीसा झाला. गरिबाचं हृदय काही वेगळं नव्हतं. त्याला इंजेक्शन, फुगा, गोळ्या मिळाल्या नव्हत्या.

म्हणून मी आज तीन-चार कामं घेऊन आले आहे. अध्यक्षताईंशी बोलून आणली आहेत, अचानक नाही.

पहिलं, ते सहा तास. ते आपल्याच घरात जातात. "स्वयंपाक उरकून जाते", "हे रानातून आल्यावर बघू", "ओवा खाऊन बघते". छातीत, पाठीत, जबड्यात दुखून घाम फुटला, धाप लागली, तर १०८ ला फोन करायचा, आणि तोही शेजारणीने करायचा, दुखणाऱ्या बाईची परवानगी न विचारता. ती नाहीच म्हणणार आहे, मी आत्याला पाहिलंय. फोनवर डॉक्टर सांगतील तसं करायचं, स्वतःच्या मनाने गोळ्या द्यायच्या नाहीत. आणि दुखायला किती वाजता सुरुवात झाली ते तळहातावर पेनने लिहायचं. वेळेवरून पुढचं औषध ठरतं, आणि घाबरलेल्या घरात वेळ कुणालाच आठवत नाही.

दुसरं, एकटीने दवाखान्यात जायचं नाही. गटातल्या दोघी बरोबर. आणि त्यातल्या एकीने एकच वाक्य बोलायचं. "डॉक्टर, हार्टचं तर नाही ना? ईसीजी काढला का?" भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, मोबाईलवर व्हिडिओ काढायचा नाही. डॉक्टरही एका दिवसात दीडशे माणसं तपासतात, त्यांनाही थकवा आहे. पण हे वाक्य बोलायचं. "गरज नाही" म्हणाले तर म्हणायचं, "साहेब, तेवढं केसपेपरवर लिहून द्या." कागदावर लिहायची वेळ आली की माणूस दुसऱ्यांदा विचार करतो. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्याच एका गटातल्या काकूंना घेऊन मी गेले होते, आणि या वेळी माझ्या तोंडातून शब्द फुटला. ईसीजी काढला. नॉर्मल निघाला, खरंच पित्त होतं. काकू मला अजून चिडवतात. चिडवू देत.

तिसरं जरा मोठं काम आहे. तो लाखो रुग्णांचा अभ्यास आठवा. दवाखानाच कमी पडत असेल, तर आपण कितीही वाक्यं बोललो तरी उपयोग नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात ईसीजीचं मशीन आहे का? चालू आहे का? कागद आहे का? काढायला माणूस आहे का, रात्री आहे का? काढलेला ईसीजी मोठ्या डॉक्टरला पाठवायची सोय आहे का? महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचं काम झालेलं आहे, आपल्यातल्या जुन्या ताईंनी भिंतीवर लाल-पिवळे-हिरवे तक्ते रंगवलेले आहेत. त्याच पद्धतीने पाच प्रश्नांचा एक कागद मी केला आहे. सीआरपी ताईंनी आशाताईंना बरोबर घेऊन तो भरायचा. तो ग्रामसभेत वाचायचा आणि रुग्ण कल्याण समितीला द्यायचा. जिथे मशीन बंद निघेल तिथे ग्रामसंघाचा ठराव जोडायचा.

चौथं, रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, पण योजनेत असलेल्याच दवाखान्यात. आपल्या जिल्ह्यातले असे दवाखाने कुठले, त्याची यादी मी काढून आणली आहे. चहाच्या टेबलावर ठेवली आहे, एका ग्रामसंघाला एक प्रत. दोन घेऊ नका, झेरॉक्स मोजून आणलेत.

आत्याला मी सांगितलं होतं, की आज तुझी गोष्ट सभेत सांगणार आहे. ती म्हणाली, "सांग. पण वांग्याचं सांगू नकोस, लोक हसतील." मी सांगून टाकलं, आता घरी गेल्यावर बोलणी खाईन.

पाच प्रश्नांचा कागद सचिवताईंकडे आहे. ज्या गावांना या महिन्यात भरायचा आहे त्यांनी जेवणाच्या आधी वहीत नाव लिहा, गावासमोर भेट द्यायची तारीख पण लिहा. आणि पहिलं नाव माझ्या आत्याच्या गावाचं लिहिलेलं आहे, तेवढी जागा सोडून लिहा.